टिपणीसकाकांची बर्फगाडी

टिपणीसकाकांच्या कापडी पिशवीत बारा महिने एक कानटोपी असायची. तपकिरी, लोकरीची, हनुवटीखाली बटण लावायची. ज्या गावात डिसेंबरातही घामोळं येतं आणि पंखा बंद केला की माणूस खुर्चीला चिकटतो, त्या सिंगापुरात हा गृहस्थ कानटोपी बाळगायचा. नुसती बाळगायचा नाही, वापरायचासुद्धा. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शिरले की पिशवीतून टोपी बाहेर, टोपी डोक्यावर, बटण बंद. समोरच्या बाकावरची शाळकरी पोरं एकमेकांना कोपरं मारून हसायची. काका त्यांच्याकडे बघून मान डोलवायचे. थंडी म्हणजे काय हे तुम्हाला काय कळणार लेको, असा त्या डोलवण्याचा अर्थ असे. गंमत अशी की थंडी म्हणजे काय हे काकांनाही माहीत नव्हतं. जन्म पेणचा, पहिली नोकरी मुंबईची आणि नंतरचं सगळं आयुष्य सिंगापूरचं. महाबळेश्वरच्या पलीकडची थंडी त्यांनी कधी अंगावर घेतली नव्हती. बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला आणि मासळीबाजारात पापलेटांखाली पसरलेला.

आणि तरीही ध्रुवावरच्या बर्फाबद्दल, त्यावरून कुत्र्यांच्या गाड्या घेऊन गेलेल्या जुन्या काळच्या माणसांबद्दल काका असं बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं हे आत्ताच तिथून जेवणापुरते घरी आलेत.

काका गेले त्याला आता दोन गणपती झाले. काकू मुलीकडे मेलबर्नला असतात. आमच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत, आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये, आता एक तरुण जोडपं राहतं. चांगली मुलं आहेत, आवाजसुद्धा करत नाहीत. त्यानेच मला करमत नाही.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा काका निवृत्त व्हायच्या बेतात होते. जुरोंग ईस्टच्या एका जहाज कंपनीत ते हिशेब बघायचे. ओळख झाली ती काकूंच्या वालाच्या बिरड्यामुळे. घरात खोकी पसरलेली, गॅस जोडलेला नाही, अशा वेळी निर्मलाकाकू डबा घेऊन खाली आल्या. मागोमाग काका आले. त्यांनी आमच्या खोक्यांकडे पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "जड सामान खाली ठेवलंत ना? नॉर्वेवाला नेहमी जड सामान खाली आणि मध्यावर बांधायचा. म्हणून त्याची गाडी कधी कलंडली नाही."

नवऱ्याला वाटलं, नॉर्वेवाला म्हणजे इथली कुठली तरी पॅकर्स कंपनी. त्याने फोन नंबर विचारला.

काका कुणाचंच नाव घ्यायचे नाहीत. एक 'नॉर्वेवाला' आणि एक 'इंग्रज कॅप्टन'. घरातल्या थोरांची नावं घ्यायची नाहीत तसा प्रकार. हे दोघं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाकडे निघाले होते. नॉर्वेवाला कुत्रे घेऊन गेला, पोचला आणि सुखरूप परत आला. इंग्रज कॅप्टनची माणसं शेवटी स्वतःच गाड्या ओढत गेली. तीही पोचली, पण नॉर्वेवाल्याच्या मागून, आणि परत आली नाहीत. एवढीच गोष्ट. पण काका ती कुठूनही सुरू करू शकत, आणि ती संपवणं मात्र त्यांच्या हातात नसे.

हे वेड लागलं कसं, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "एसीमुळे." सिंगापूरला आले ते पहिलं वर्ष. ऑफिसचा एसी सोसत नव्हता असं नाही, उलट जेवणाच्या सुट्टीत बाहेरचं ऊन सोसत नव्हतं. म्हणून हा माणूस डबा संपवून जवळच्या वाचनालयात जाऊन बसू लागला. एसीचा झोत जिथे नेमका अंगावर येई ती खुर्ची त्यांनी हेरून ठेवली होती. त्या खुर्चीच्या हाताशी जे कपाट होतं त्यात ध्रुवप्रवासाची पुस्तकं होती. "शेजारी स्वयंपाकाचं कपाट असतं तर आज मी उत्तम सुगरण असतो," असं ते म्हणत. काकू त्यावर म्हणत, "माझं एवढं कुठलं नशीब!"

आता खरी मेख सांगते. कुत्र्यांच्या गाड्यांबद्दल सगळं जाणणारे टिपणीसकाका कुत्र्याला भयंकर घाबरायचे.

साधंसुधं नाही. आमच्या मजल्यावर मिसेस टान राहतात. त्यांचं एक पांढरं, कापसाच्या बोळ्याएवढं कुत्रं आहे, बिस्किट नावाचं. लिफ्टचं दार उघडून आत बिस्किट दिसलं की काका दोन पावलं मागे सरायचे आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे. मिसेस टान दार धरून इथल्या पद्धतीने 'लाह' लावून बोलवायच्या. "अंकल, कम इन लाह! ही डोन्ट बाइट!"

"नो नो, यू कॅरी ऑन," काका म्हणायचे, "आय ॲम टेकिंग स्टेअर्स. एक्सरसाइज."

मग तो बिचारा माणूस बारा मजले चढून घरी. मिसेस टान मला कौतुकाने सांगायच्या, तुमचे हे अंकल या वयातही किती फिट, रोज जिने चढतात! मला खरं कारण काकूंनी सांगितलं. पेणला लहानपणी शेजारच्या कुत्र्याने पोटरी धरली होती, आणि त्या काळी पोटात द्यायची ती इंजेक्शनं सगळी झाली होती. "तेव्हापासून भुंकणं ऐकलं की यांचा हात पोटाकडे जातो," काकू म्हणाल्या. "आणि वाचतात काय, तर कुत्रे! विंचवाला भिणाऱ्याने बिळाचे नकाशे काढत बसावं तसं."

मी काकांना यावरून छेडलं. ते अजिबात ओशाळले नाहीत. म्हणाले, "मेधा, भीती असते तिकडेच माणसाचं लक्ष असतं. तुझं लक्ष नाही का सासूबाईंच्या फोनकडे?"

कोजागिरीचा किस्सा अजून आमच्याकडे निघतो. मराठी मंडळींनी खालच्या फंक्शन रूममध्ये कार्यक्रम ठेवला होता. गाणी, मसाला दूध, आणि मधे 'थोडं काही माहितीपर' म्हणून काकांचं भाषण, पंधरा मिनिटं. ज्याने कुणी हे ठरवलं तो माणूस सिंगापुरात नवा असणार. काका तासभर आधी गेले आणि त्यांनी खोलीचा एसी सोळावर नेऊन ठेवला. वातावरणनिर्मिती! बायका रेशमी साड्यांत, पुरुष झब्ब्यांत. अर्ध्या तासात सगळे पदर कानांवरून घेतलेले, आणि एकटे काका कानटोपी घालून, घामेजलेल्या उत्साहाने, पडद्यावरच्या पांढऱ्या चित्रावर काठी टेकवून उभे. पंधरा मिनिटांचा दीड तास झाला. इंग्रज कॅप्टनची माणसं तंबूत अडकली होती, बाहेर वादळ घोंघावत होतं, आणि काकांना त्यांना सोडून पुढे जाववत नव्हतं. प्रत्येकाच्या शेवटाबद्दल ते सावकाश, जीव तोडून सांगत होते. शेवटी मागच्या रांगेतून काकू उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, आता मरू द्या की त्यांना! दूध गार झालंय."

खोलीत असा हशा उठला की मी तसा पुन्हा ऐकला नाही. काकाही हसले. पण नंतर पेला हातात घेऊन कोपऱ्यात उभे होते तेव्हा मला हळूच म्हणाले, "थोडक्यात राहिले गं ते. पुढच्या शिध्याच्या जागेपर्यंत पोचले असते, तर आले असते घरी." त्यांचे डोळे भरून आले होते. ओळखीपाळखीच्या नसलेल्या, शतकापूर्वी गेलेल्या परक्या माणसांसाठी कुणी असं रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना हसणं सोडलं नाही, पण हसताना मला ते आवडायला लागले.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. शनिवारी सकाळी समुद्राकाठच्या बागेत चालून झालं की आम्ही हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांपाशी कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, प्यायला बसायचो. समोर तळलेली मासळी आली की काका तो प्रश्न टाकायचे. नॉर्वेवाला निघतानाच ठरवून निघाला होता, की ओझं हलकं होत जाईल तसे कुत्रेही कमी करायचे, आणि त्यांचं मांस उरलेल्यांना घालायचं, स्वतःही खायचं. इंग्रज कॅप्टनला हे पाप वाटलं. म्हणून त्याच्या माणसांनी गाडी स्वतःच्या खांद्यांवर घेतली. "आता सांगा, कुत्र्यावर खरं प्रेम कुणाचं?"

आम्ही आळीपाळीने दोन्ही बाजूंनी भांडायचो. काकू कधी भांडायच्या नाहीत. मासळीचा काटा काढून बाजूला ठेवत त्या एकदा म्हणाल्या, "कुत्र्यांना विचारलं होतं का कुणी, यायचंय का म्हणून?" काकांनी कोपीचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात नाही."

बर्फगाडी हा त्यांचाच शब्द. स्लेज म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या बाल्कनीत एक खरीखुरी बर्फगाडी बनवली. जुन्या शेल्फच्या फळ्या, बांबू आणि दोरी. खिळा एकही नाही. "खिळा मारला की लाकूड हट्ट धरतं आणि मोडतं," ते म्हणायचे. "बांधलं की लवतं. खाचखळग्यांतून लवणारी गाडीच जाते." बांधून झालं तेव्हा लक्षात आलं की गाडी लांब आहे आणि लिफ्ट आखूड आहे. मग ती सोडून, खाली नेऊन, पुन्हा बांधली. खिळे नव्हते हे किती बरं झालं, असं त्यांनी त्या दिवशी प्रत्येकाला थांबवून सांगितलं.

ती गाडी त्यांनी बागेतल्या हिरवळीवर आणली आणि आमच्या पोरांना जुंपलं. आमची पोरं म्हणजे घरात मराठी ऐकणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. काकांचा नियम असा होता की मराठीत बोलेल त्यालाच गाडी ओढायचा पट्टा मिळेल. आणि सगळ्यांत पुढचा कुत्रा व्हायचं असेल तर मराठीत कारण सांगायचं.

"अंकल, आय वॉन्ट टू बी लीडर लाह," आमची सई म्हणाली.

"कुत्र्याला इंग्रजी येत नाही," काका म्हणाले.

सईने डोळे मिटून, एकेक शब्द शोधत वाक्य जुळवलं. "मला पुढचा कुत्रा करा, कारण की माझे पाय सगळ्यात फास्ट आहेत."

"फास्ट नाही. जलद. ये, घाल पट्टा."

मग गाडीवर तांदळाची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या, पुढे दोन रांगांत पोरं, मागे काका 'डावीकडे!', 'उजवीकडे!', 'सावकाश!' असं ओरडत. एका आईने तक्रार केली की आम्ही पोराला मराठी शिकायला पाठवतो, तुम्ही त्याचा कुत्रा काय करता? काका तिला म्हणाले, "बाई, कुत्रा झाला म्हणून तर मराठी बोलतोय." तिचं पोर तेव्हा शेजारी उभं राहून 'माझा नंबर कधी?' असं अगदी शुद्ध मराठीत केकाटत होतं.

एकदा सगळ्या फौजेला खड्ड्याकडे नेऊन काकांनी मुद्दाम 'सरळ!' म्हणून हुकूम सोडला. पुढे सई होती. ती खड्ड्याच्या काठाशी थांबली. "सरळ!" काका ओरडले. "नाही," सई म्हणाली, "खड्डा आहे." तेव्हा काकांना झालेला आनंद बघायला हवा होता. पोरांना गोळा करून त्यांनी सांगितलं की पुढचा कुत्रा ताकदीचा असून भागत नाही, बर्फ पातळ लागला की त्याने मालकाचं ऐकायचं नसतं. "ऐकणारे मिळतात. न ऐकणारा मिळायला नशीब लागतं."

त्यांच्या घरात न ऐकणारं कोण होतं हे आम्हाला माहीतच होतं.

काकूंच्या किडन्या गेल्या तेव्हा हे सगळं थांबलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार-चार तास ती खुर्ची. वालाचं बिरडं बंद, नारळपाणी बंद, पाणीसुद्धा मोजून. काकांनी गाडी सोडून फळ्या बाल्कनीत उभ्या केल्या आणि ते काकूंच्या मागे लागले. पाण्याची बाटली ते, गोळ्यांचा डबा ते, अंगावर घ्यायची शाल ते. त्या खुर्चीत काकूंना थंडी वाजायची, म्हणून शाल काका आदल्या रात्रीच घडी घालून दाराशी ठेवायचे. चार तास ते शेजारच्या स्टुलावर बसून असत, आणि बसून काय करत, तर काकूंना गोष्टी सांगत.

नॉर्वेला जायचं त्यांचं कधीचं ठरलेलं होतं. उत्तरेला एका गावाबाहेर अशी जागा होती जिथे पाहुण्यांना कुत्र्यांच्या गाडीवर नुसतं बसवून फिरवत नाहीत, शिकवून स्वतः चालवायला देतात. काकांना बसून जायचं नव्हतं. गाडीच्या मागे, बर्फावरून घसरणाऱ्या लाकडी पट्ट्यांवर उभं राहायचं होतं, एकदाच. निवृत्तीनंतर जाणार होते, मग मुलीचं लग्न आलं, मग साथीत विमानं बंद झाली, आणि मग हे. त्यांनी तो विषयच मिटवून टाकला. कुणी काढलाच तर म्हणायचे, "ध्रुवाच्या अगदी जवळ जाऊन परत फिरलेला आणखी एक कप्तान होता. सगळी माणसं जिवंत घरी आणली त्याने. पुढे जायला हिंमत लागते, परत फिरायला अक्कल लागते."

एका संध्याकाळी काकूंनी मला वर बोलावलं. काका औषधं आणायला गेले होते. काकू म्हणाल्या, "मेधा, यांना आठ दिवस इथून घालव."

मला वाटलं, कंटाळल्या असतील. म्हणाल्या, "कंटाळलेच आहे. मशीनवर मला झोपायचं असतं, आणि हे मला कुत्र्यांच्या खुराकाचं सांगतात. पण ते नाही गं. मी गेल्यावर हे जातील. आणि येऊन सांगतील कुणाला? ते परत आल्यावर मला ऐकायचंय. मी आहे तोवर."

मी खाली आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मग कामाला लागले. डायलिसिसला काकूंबरोबर कोण जाणार याच्या पाळ्या लावल्या. मी वन-नॉर्थच्या ऑफिसात तीन दुपारी घरून काम मागून घेतलं. मिसेस टान आपण होऊन पुढे आल्या. तिकीट मुलीने मेलबर्नहून काढलं आणि काकांना आयतंच दाखवलं. काका चिडले. मी जाणार नाही म्हणाले, निर्मलाला सोडून कुठेच जाणार नाही म्हणाले, हा सगळा मूर्खपणा आहे म्हणाले. काकूंनी ऐकलंच नाही. त्या लोकरीचे मोजे शोधत होत्या.

फेब्रुवारीत काका नॉर्वेला गेले. विमानतळावर वीस वेळा मागे वळून पाहिलं असेल.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. इथे संध्याकाळच्या चहाची वेळ होती, तिथे सकाळ. मी काकूंकडेच होते. पडद्यावर काकांचा चेहरा, मागे गाडीची सीट, आणि कुठूनतरी कुत्र्यांचा असा काही कालवा, की फोनच थरथरतोय असं वाटावं.

"पोचलात का हो तिथे?" काकूंनी विचारलं.

"पोचलो. समोरच आहे."

"मग?"

"गाडीतच आहे अजून." काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ती पोरगी, तिथली, दोनदा बोलवायला येऊन गेली. पन्नासेक असतील गं. सगळे साखळीला, पण सगळे भुंकतायत." त्यांचा एक हात दिसत नव्हता. तो कुठे असेल हे मला न दिसताच कळलं. "निर्मला, मी म्हणतो, शहाण्याने परत फिरावं."

"शहाण्याने फिरावं," काकू म्हणाल्या. "तुम्ही उतरा."

"अगं, तुला कळत नाही..."

"मला येऊन काय सांगणार? गाडीची काच कशी होती ते?"

काका त्या दिवशी उतरले नाहीत. तशीच गाडी वळवून हॉटेलात गेले, आणि आल्यापासून काही खाल्लं नाही असा मेसेज पाठवला. काकूंनी उत्तर दिलं, 'खाऊन घ्या. उद्या पुन्हा जा.' फोन ठेवून त्या माझ्याकडे बघून हसल्या खऱ्या, पण चहाचा कप त्यांनी तसाच बाजूला सरकवला. इतकी वर्षं ऐकलेली ती सगळी गोष्ट एका गाडीच्या दाराशी येऊन अडकली होती, आणि काकूंना इथून ते दार उघडता येत नव्हतं. त्या रात्री त्यांनी देवाजवळ काय मागितलं ते मला माहीत आहे, कारण मीही तेच मागितलं.

नॉर्वेहून परत आल्यावर काका आणखी वर्षभर होते. या प्रवासाच्या गोष्टी त्यांनी लिफ्टमध्ये, हॉकर सेंटरला, मंडळात, सगळीकडे सांगितल्या. ते सगळं मला आठवतं. पण डोळे मिटून काकांना आठवायला गेलं की त्यातलं काहीच समोर येत नाही. समोर येते ती डायलिसिसची खोली, त्या फोनच्या दुसऱ्या दिवशीची.

माझी पाळी होती. काकूंच्या डाव्या हाताला सुया लावून झाल्या होत्या, शाल मी पांघरली होती. फोन वाजला. मी काकूंना दिसेल असा धरला. पडद्यावर सगळं पांढरं, आणि त्यात लाल फुगीर कपड्यांतले काका. ते उभे होते. जमिनीवर, बर्फात उभे होते. त्यांच्या गुडघ्याला एक भलंमोठं करडं कुत्रं अंग टेकून उभं होतं. काकांचा हात त्याच्या डोक्याच्या वर हवेतच थांबलेला होता. चेहरा पार उतरलेला. आम्ही दोघी बघत राहिलो. मग तो हात हळूहळू खाली आला आणि कुत्र्याच्या दोन कानांच्या मध्ये टेकला.

"ऊबदार आहे गं," काका म्हणाले.

मागे इतर कुत्री ओढ घेऊन उड्या मारत होती आणि असं भुंकत होती की शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. काका ओरडून म्हणाले, "निघतोय! ठेवतो आता!"

"बंद करू नका," काकूही ओरडल्या. "खिशात ठेवा. तसाच."

पडदा काळा झाला. भुंकणं मात्र चालू होतं, कापडातून येत असल्यासारखं. कुणीतरी बाई काहीतरी मोठ्याने म्हणाली. एक हिसका बसला. आणि एकदम सगळं शांत.

काकूंनी माझं मनगट धरलं. "काय झालं गं? पडले का?"

मला तरी काय माहीत! कुत्री धावायला लागली की भुंकत नाहीत, सगळा आवाज निघण्याआधीच असतो, हे काकांनी नंतर आल्यावर सांगितलं. तेव्हा आम्ही दोघी जीव मुठीत धरून त्या काळ्या पडद्याकडे बघत होतो. मी फोन काकूंच्या कानाजवळ नेला, माझाही कान लावला. मग ऐकू आलं. काहीतरी घसटत होतं, एकसारखं, सुपात तांदूळ पाखडावेत तसं. आणि खूप श्वास. कितीतरी तोंडांचे, एका लयीत. मधूनच एक श्वास वेगळा होता, माणसाचा.

काका काही बोलत नव्हते. आम्ही वाट पाहिली. आता बोलतील, मग बोलतील. नॉर्वेवाल्याचं काहीतरी काढतील, पट्ट्यांचं, बांधणीचं. एक शब्द नाही. नुसतं ते घसटणं आणि ते श्वास, लांब लांब जात राहिलेले.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांचा एकच हात मोकळा होता आणि त्याने त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "लग्न झाल्यापासून," त्या म्हणाल्या, "हा माणूस इतका वेळ गप्प राहिलेला मी पहिल्यांदा ऐकतेय."

तेवढ्यात सिस्टर आली. "आंटी, बीपी चेक."

"वेट, सिस्टर," काकू म्हणाल्या. "माय हजबंड इज स्टिल गोइंग."

सिस्टरने फोनकडे पाहिलं, त्यावर काहीच दिसत नव्हतं. मग तिनेही वाकून कान लावला, आणि बीपीचा पट्टा हातात तसाच धरून ती आमच्याजवळ उभी राहिली.